बॉण्ड बॉण्ड म्हणतात तो नेमका कुठला?

मध्यंतरी एकाच रविवारी आमच्या घरात बॉण्ड हा शब्द चारदा आला आणि चारही वेळा वेगळ्याच अर्थाने आला. सकाळी पुतण्याचा फोन, त्याचं एमबीबीएस संपत आलंय, म्हणे काका आता वर्षभर बॉण्ड करावा लागणार, कुठलं गाव मिळतंय बघू. तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे काका भाडेकराराचा मसुदा दाखवायला आले, पाचशेचा बॉण्ड आणून ठेवलाय फक्त टाईप करायचंय. दुपारी यवतमाळहून आत्याचा फोन, तिच्याकडे सोन्याचे बॉण्ड आहेत ते मुदतीआधी मोडता येतात का विचारत होती. आणि रात्री टीव्हीवर निवडणूक बॉण्डवरून दोन प्रवक्ते एकमेकांवर ओरडत होते.

आत्याने शेवटी विचारलंच. तिचं आयुष्य कपाशीत गेलं, तिच्या कानाला बॉण्ड म्हटलं की आधी बोंड ऐकू येतं आणि मागोमाग बोंडअळी. म्हणाली, "अरे, हे सगळे बॉण्ड एकच आहेत का वेगवेगळे?" प्रश्न साधा होता पण मला धड उत्तर देता आलं नाही. मग बसलो शोधत. जे सापडलं ते इथे लिहितोय. थोडक्यात सांगायचं तर बहुतेक सगळे एकाच घरातले आहेत, एकजण मात्र भलत्याच घरातून येऊन त्याच आडनावाने राहतोय, त्याच्याकडे शेवटी येतो.

सुरुवात दोरीपासून

इंग्रजीत बाइंड म्हणजे बांधणे हे आपल्याला माहीत असतं. बॅण्ड म्हणजे पट्टी, ज्याने बांधतात ते. बॅण्डेज त्यातलंच, बंडल त्यातलंच. बॉण्ड हा याच बॅण्डचा उच्चार बदलून तयार झालेला भाऊ आहे. नवव्या शतकापासून डेन्मार्क-नॉर्वेकडची माणसं, ज्यांना आपण व्हायकिंग म्हणतो, इंग्लंडच्या पूर्व भागात येऊन राहिली आणि त्यांच्या नॉर्स भाषेतले शेकडो शब्द इंग्रजीत मुरले, त्यातला हा एक. मध्ययुगातल्या इंग्रजीत बॉण्ड म्हणजे अक्षरशः जे बांधतं ते. दोर, साखळी, बेडी.

आता बांधणे, बंध, बॅण्ड, बॉण्ड हे ओळीने म्हणून बघा, कानाला काहीतरी जाणवतं ना? तो योगायोग नाहीये. संस्कृतातला बंध् हा धातू आणि इंग्रजीतलं बाइंड हे दोन्ही एकाच जुन्या मुळाचे फुटवे आहेत. म्हणजे आपल्याकडे बांध आहे, बंधारा आहे, बंधन, संबंध, भाऊबंद, बांधिलकी, मुंडावळ्या बांधणं, राखी बांधणं, आणि कंपनीच्या जाहिरातीखाली बारीक अक्षरात असतं ते "कंपनी बांधील राहणार नाही", ही सगळी भावकी तिकडच्या बॉण्डची नातेवाईक निघते.

मग इंग्रजांनी आपला शब्द चोरला म्हणायचं का?

हे म्हणणारे लोक व्हॉट्सॲपवर भरपूर आहेत म्हणून आधीच सांगतो, नाही. चुलत भाऊ आणि मुलगा यात फरक असतो. तुमचं आणि तुमच्या चुलत भावाचं नाक सारखं असलं तर ते त्याने तुमच्याकडून घेतलेलं नसतं, दोघांना आजोबांकडून आलेलं असतं. विल्यम जोन्स नावाचा न्यायाधीश कलकत्त्यात होता, त्याने १७८६ साली एका भाषणात हेच मांडलं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यात इतकं साम्य आहे की तिघी एकाच मुळातून निघाल्या असणार आणि ते मूळ कदाचित आता शिल्लकही नसेल. इंग्रजीच्या पूर्वज भाषाही त्याच घरातल्या असाव्यात असं त्याला वाटत होतं आणि पुढे ते बरोबर निघालं.

थोडा खोलात जाणारा वाचक इथे अडवेल. भ्राता आणि ब्रदर या जोडीत आपला भ तिकडे ब होतो. मग बंधमध्ये आपल्याकडे भ का नाही, ब कसा? शंका एकदम रास्त आहे. मुळात तो शब्द भ ने सुरू होऊन ध ने संपणारा होता असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. पण संस्कृतला भ, ध अशी दोन महाप्राण व्यंजनं, म्हणजे ज्यात श्वास जोरात सुटतो अशी, एका धातूत जवळजवळ आलेली चालत नाहीत, ती पहिल्याचा श्वास काढून घेते. म्हणून भंध् चं बंध् झालं. हे ग्रासमान नावाच्या जर्मन माणसाने १८६३ मध्ये दाखवून दिलं. एवढं पुरे, व्याकरण इथेच थांबवतो.

बाकी आपल्याकडून सरळ उचललेले शब्दही इंग्रजीत आहेतच. डोक्याला बांधायचा बॅन्डाना घ्या, तो आपल्या बांधणीवरून गेलाय, तीच गाठी मारून रंगवायची बांधणी. आणि इंग्रजीतला बंड म्हणजे बांध, बंधारा. पुण्यातल्या ज्या बंड गार्डनचं नाव ऐकून नवीन माणसाला तिथे बंडबिंड झालं असेल असं वाटतं ते बंड हेच. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पैशातून एकोणिसाव्या शतकात मुळा-मुठेवर जो बंधारा बांधला गेला त्याच्या काठची ती बाग. म्हणजे फारसी-हिंदुस्थानीतला बंद इंग्रजीत गेला, बंड होऊन पुण्यात परत आला आणि आता रिक्षावाले म्हणतात बंडगार्डन. शांघायचा नदीकाठ जगभर द बंड म्हणून ओळखला जातो, तिथेही हाच शब्द इंग्रजांनी आपल्या सामानातून नेला.

दोरीच्या जागी कागद आला

आता खरा मुद्दा. दोरीने माणूस बांधता येतो, पण शब्दाने कसा बांधायचा? मध्ययुगातल्या इंग्लंडमधल्या वकिलांनी यावर एक युक्ती काढली आणि ती समजली की आजचे निम्मे बॉण्ड आपोआप समजतात.

समजा तुम्ही माझं घर दिवाळीपर्यंत बांधून द्यायचं कबूल केलंय. आपण साधं लिहू, अमुक याने दिवाळीपर्यंत घर बांधून द्यावे. ते लोक उलटं लिहायचे. आधी लिहायचं, मी अमुक याचे शंभर पौंड देणं लागतो. आणि मग खाली, परंतु मी दिवाळीपर्यंत घर बांधून दिलं तर हे देणं रद्द समजावं. म्हणजे दंड आधीच मान्य करून ठेवायचा, आणि काम केलं तर सुटका. गाय खुंट्याला आधी बांधायची आणि दूध दिलं की सोडायची, तसा प्रकार. असा कागद म्हणजे बॉण्ड. दोर तोच, फक्त शाईचा.

मराठीत सरकारी भाषेत याला बंधपत्र म्हणतात आणि सरकारी मराठीला आपण कितीही नावं ठेवली तरी हा शब्द मला मान्य आहे, मुळाशी एकदम चिकटून आहे.

डॉक्टरचा बॉण्ड, आरोपीचा बॉण्ड

पुतण्याचं प्रकरण आता सोपं होतं. सरकारी मेडिकल कॉलेजात फी कमी, खर्च बराचसा लोकांच्या पैशातून, म्हणून सरकार म्हणतं शिकून झाल्यावर एक वर्ष आमच्या दवाखान्यात काम कर. महाराष्ट्रात वर्षानुवर्षं हिशोब असा चालत आलाय की एमबीबीएसनंतर एक वर्ष सेवा नाही केली तर १० लाख, पीजीनंतर ५० लाख आणि सुपरस्पेशालिटीनंतर २ कोटी. हे नियम मधूनमधून बदलतात, त्यामुळे आपापल्या बॅचचा आदेश वाचूनच काय ते ठरवा. पण सांगाडा बघा, अगदी तोच. मी १० लाख देणं लागतो, परंतु एक वर्ष सेवा केली तर रद्द.

म्हणून "बॉण्ड करतोय" हे जे डॉक्टर मुलं म्हणतात ते गमतीशीर आहे. खरं तर ते बॉण्ड करत नसतात, फेडत असतात. ॲडमिशनच्या वेळी सही केली तेव्हाच बॉण्ड केलेला असतो. पण बोलीभाषेत बॉण्ड म्हणजेच ते वर्ष असा अर्थ पक्का झालाय, आता कोण दुरुस्त करणार.

हे सक्तीचं काम झालं, घटनेत बसतं का, असं विचारलं जातंच. हा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता आणि ऑगस्ट २०१९ मध्ये कोर्टाने राज्यांचे असे बॉण्ड वैध ठरवले. बँकेच्या नोकरीतल्या बॉण्डवरही मे २०२५ मध्ये निकाल आला, एका सरकारी बँकेने तीन वर्षांच्या आत सोडल्यास २ लाख असा करार केला होता तो कोर्टाने चालवून घेतला. पण याचा अर्थ कंपनी काहीही लिहून घेऊ शकते असा नाही. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे ठरलेला आकडा ही वरची मर्यादा असते, मिळते ती वाजवी भरपाई. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, तुम्हाला त्या खुर्चीत बसवून कामच करायला लावा असा हुकूम कोर्ट देत नाही, प्रश्न येतो तो पैशाचा. माझ्या एका मित्राला पहिल्या नोकरीत बॉण्डची इतकी भीती घातली होती की पठ्ठ्या दीड वर्ष नुसता घाबरून तिथे राहिला, कागद नीट वाचला तेव्हा कळलं दंड दोन पगारांइतका होता.

आता पेपरातली एक ओळ. "आरोपीची १५ हजार रुपयांच्या वैयक्तिक जातमुचलक्यावर सुटका." ही ओळ वाचून निम्म्या लोकांना वाटतं त्याने १५ हजार भरले आणि सुटला, श्रीमंतांचं काय बाबा. तर नाही, त्याने त्या क्षणी दमडी भरलेली नसते. त्याने लिहून दिलंय की मी १५ हजार देणं लागतो, परंतु तारखांना हजर राहिलो तर रद्द. पुन्हा तोच सांगाडा! इंग्रजीत हाच पर्सनल बॉण्ड. आणि यातल्या जातचा जातीशी काही संबंध नाही, हे मला बराच उशिरा कळलं. अरबी-फारसीतून आलेला हा जात म्हणजे स्वतः, जातीने हजर राहणे म्हणतो ना त्यातला. मुचलका तर तुर्की वळणाचा शब्द, फारसीतून आपल्याकडे आला आणि कोर्टात राहिला. गणपती किंवा निवडणूक जवळ आली की पोलीस गल्लीतल्या काही जणांना बोलावून चांगल्या वर्तणुकीचा बॉण्ड लिहून घेतात, ज्याला सगळे चॅप्टर केस म्हणतात, तोही याच माळेतला मणी.

पैशाचा बॉण्ड

वरच्या सांगाड्यातली पहिली ओळ ठेवा, परंतुची ओळ उडवा. मी अमुकचे हजार रुपये देणं लागतो, संपलं. हा झाला कर्जाचा बॉण्ड, म्हणजे कर्जरोखा. यात बांधला जातो तो कर्ज घेणारा. सरकारला, महापालिकेला, कंपनीला मोठी रक्कम हवी असते, एका सावकाराकडे तेवढी नसते, म्हणून ते हजारो लोकांकडून थोडी थोडी घेतात आणि प्रत्येकाला कागद देतात, इतकं व्याज देईन, अमुक तारखेला मुद्दल देईन. शेअर घेतला की तुम्ही दुकानाचे भागीदार, बॉण्ड घेतला की तुम्ही दुकानाचे सावकार. भागीदाराला नफा झाला तर वाटा, सावकाराला नफा होवो न होवो व्याज. अर्थात दुकानच बुडालं तर सावकारही रडतो, फक्त रांगेत त्याचा नंबर भागीदाराच्या आधी असतो.

यातलं एक उदाहरण मला फार आवडलं. हॉलंडमध्ये लेक नावाच्या नदीचा बांध दुरुस्त करायला तिथल्या पाणी मंडळाने १६४८ साली १,००० गिल्डरचा बॉण्ड काढला. बकऱ्याच्या कातड्यावर हाताने लिहिलेला. मुद्दल परत द्यायची तारीखच नाही, व्याज मात्र कायम. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाने तो २००३ मध्ये जुनी वस्तू म्हणून साधारण २४ हजार युरोला विकत घेतला. आणि २०१५ मध्ये त्यांचा माणूस तो घेऊन हॉलंडला गेला आणि बारा वर्षांचं थकलेलं व्याज वसूल करून आला, १३६ युरो आणि २० सेंट! कातड्यावर व्याजाच्या नोंदी लिहायला जागा उरली नव्हती म्हणून १९४४ मध्ये त्याला कागदाची पुरवणी जोडलेली आहे. नदीच्या बांधासाठी काढलेला बॉण्ड, आणि बांध व बॉण्ड हे दोन्ही शब्द एकाच मुळाचे. हे वाचून मी दिवसभर भेटेल त्याला सांगत सुटलो होतो, बायको वैतागली.

आपल्याकडे पुणे महापालिकेने जून २०१७ मध्ये चोवीस तास पाणी योजनेसाठी ७.५९ टक्के व्याजाने २०० कोटींचे बॉण्ड काढले. पाण्यासाठीच, पण चोवीस तास पाणी हा विषय पुणेकरांसमोर न काढलेला बरा.

व्याजदर वाढला की बॉण्ड पडतो म्हणजे काय?

पेपरात अर्थविषयक पानावर येणारं सगळ्यात डोकं फिरवणारं वाक्य हे. उदाहरण घेतो. तुमचा एक गाळा आहे, भाडेकरू वर्षाला ७० हजार देतो, भाडं कायमचं ठरलेलं, वाढवता येत नाही. गाळ्याची किंमत १० लाख, म्हणजे ७ टक्के सुटतात. आता बाजारात नवीन गाळे आले, १० लाखातच, पण भाडं ८० हजार. तुमचा गाळा आता १० लाखाला कोण घेईल? कोणीही नाही. घेणारा म्हणेल ७० हजार भाड्यात मला ८ टक्के सुटायला हवेत, म्हणजे मी पावणेनऊ लाख देतो. भाडं तेवढंच राहिलं, किंमत पडली. बॉण्डचं व्याज म्हणजे ते भाडं. बाजारातले दर वर गेले की जुन्या बॉण्डची किंमत खाली, दर खाली आले की किंमत वर. खऱ्या बॉण्डला मुदत असते आणि शेवटी पूर्ण मुद्दल मिळणार असते, त्यामुळे किंमत सहसा इतकी पडत नाही, पण दिशा हीच.

त्या ८ टक्क्यांना यील्ड म्हणतात, म्हणजे आजच्या भावात घेतलं तर हाती किती सुटतंय ते. हा एक शब्द लक्षात राहिला तरी निम्म्या बातम्या कळतात. आणि युरोपच्या बातमीत बंड यील्ड असं दिसलं तर तिथे बंडखोरी झालेली नसते, जर्मन केंद्र सरकारच्या कर्जरोख्यांना बंड म्हणतात. जर्मनमध्ये बंड म्हणजे संघ, जोडलेली राज्यं. होय, तीही याच घरातली, बंध वाली.

सोन्याच्या बॉण्डमध्ये तर सरकारने स्वतःला जरा जास्तच घट्ट बांधून घेतलं, कारण मुदत संपली की सोन्याच्या तेव्हाच्या भावाने पैसे परत द्यायचं कबूल केलं. या बॉण्डचा पहिला हप्ता नोव्हेंबर २०१५ मध्ये विक्रीला आला तेव्हा ग्रॅमला २,६८४ रुपये भाव होता, वर वर्षाला २.७५ टक्के व्याज. आठ वर्षांनी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, सरकारने ग्रॅमला ६,१३२ दिले. म्हणजे ५ ग्रॅमचे १३,४२० घातले त्याला ३०,६६० मिळाले आणि व्याज वेगळं. पुढे सोनं आणखी चढत गेलं आणि फेब्रुवारी २०२४ नंतर सरकारने नवीन हप्ते काढणं थांबवलं, त्यामागचं कारण कळायला अर्थतज्ज्ञ असायची गरज नाही. आत्यासाठी उत्तर, मुदत आठ वर्षं, पण पाच वर्षांनंतर व्याजाच्या तारखांना मधेच सोडवता येतो. डिमॅटमध्ये असेल तर शेअरबाजारात विकता येतो, तिथे भाव मिळेल तो.

निवडणूक बॉण्डमध्ये कोण बांधलं गेलं होतं?

सगळ्यात जास्त गोंधळ यात होता, कारण नावाने तो बॉण्ड आणि वागण्याने काहीतरी वेगळंच. व्याज नाही. मुदत १५ दिवस. स्टेट बँकेच्या ठराविक शाखांतून विकत घ्यायचा, १ हजारापासून १ कोटीपर्यंतच्या ठराविक रकमांचा, त्यावर घेणाऱ्याचं नाव नाही, पक्षाला द्यायचा, पक्षाने खात्यात भरायचा. पक्षाने कोणाला काही परत द्यायचं नाही. म्हणजे घेणाऱ्याच्या हातात ना कर्जरोखा ना दंडाची अट. आपल्या ओळखीची सगळ्यात जवळची वस्तू म्हणजे बेअरर चेक किंवा लग्नात देतो ते आहेराचं पाकीट, फक्त पाकिटावर नाव टाकायचं नाही असा नियम असलेलं.

कायद्याच्या भाषेत त्याला वचनचिठ्ठीच्या स्वरूपाचा बॉण्ड म्हटलं होतं, आणि वचन होतं ते बँकेचं, १५ दिवसांत जो पक्ष आणून भरेल त्याला पैसे देऊ एवढंच. तेव्हा कागदावर बांधलेली होती फक्त बँक. पण लोकांना शंका होती ती कागदावर नसलेल्या बंधाची, देणारा आणि सत्तेत बसलेला यांच्यातल्या. १५ फेब्रुवारी २०२४ ला तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही योजना घटनाबाह्य ठरवली, मतदाराला माहितीचा हक्क आहे या मुद्द्यावर. माझं मत विचाराल तर त्याला बॉण्ड हे नाव देण्यातच अर्धी हुशारी होती, बॉण्ड म्हटलं की काहीतरी भारदस्त आणि हिशोबी वाटतं.

आणि तो पाचशेचा बॉण्ड?

खालच्या काकांनी आणला तो बॉण्ड नव्हेच. तो स्टॅम्प पेपर, मुद्रांक. त्याचं काम एकच, सरकारचा कर भरल्याची ती पावती आहे. त्यावर तुम्ही भाडेकरार लिहा, प्रतिज्ञापत्र लिहा नाहीतर खरंच बंधपत्र लिहा. पण शंभर वेळा त्यावर बॉण्ड लिहिला गेला म्हणून कोऱ्या कागदालाच आपण बॉण्ड म्हणायला लागलो, जशी साखर नसलेल्या डब्यालाही आपण साखरेचा डबाच म्हणतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रात शंभरच्या जागी किमान पाचशे झाले तेव्हा तहसीलबाहेरच्या टपऱ्यांवर "शंभरचा बॉण्ड बंद" असंच सगळे म्हणत होते. त्यामुळे "बॉण्डवर लिहून दिलंय" म्हणजे आपोआप काही जास्त पक्कं झालं असं नसतं, पक्कं की कच्चं ते त्यात लिहिलंय काय आणि सह्या कोणाच्या आहेत त्यावर ठरतं.

कॉलेजच्या प्रोजेक्टला लागतो तो बॉण्ड पेपर मात्र नावाला जागतो. पूर्वी कर्जरोखे वर्षानुवर्षं टिकावे म्हणून जाड, चिवट कागदावर छापत, त्या कागदाला बॉण्ड पेपर नाव पडलं. आज झेरॉक्सवाला "साधा देऊ का बॉण्ड" विचारतो तेव्हा त्या टिकाऊपणाचेच दोन रुपये जास्त घेत असतो. पीएचडीवाले प्रबंध त्यावर छापतात, आणि प्रबंध या शब्दातही बंध आहेच, निबंधातही आहे.

बाकीचे अर्थ पटकन. केमिस्ट्रीत अणू अणूला धरून ठेवतो तो बॉण्ड, आपल्या पुस्तकात त्याला थेट बंध म्हटलंय, सहसंयुज बंध, आठवतंय का नववी-दहावी. गवंडीकामात विटा रचायच्या पद्धतीला बॉण्ड म्हणतात, इंग्लिश बॉण्ड, फ्लेमिश बॉण्ड, म्हणजे वरच्या विटेने खालच्या सांध्यावर बसून भिंत बांधून धरायची. आणि ऑफिसातलं टीम बॉण्डिंग, ज्यात शनिवार वाया जातो.

तो दुसऱ्या घरातला

आता तो आडनावबंधू. त्याच नॉर्स भाषेत बोन्डी असा वेगळाच शब्द होता. त्याचा बांधण्याशी संबंध नाही. तो राहणे, वसणे या अर्थाच्या क्रियापदावरून आलाय आणि त्याचं मूळ आपल्या भू धातूशी जाऊन मिळतं, ज्यातून आपल्याकडे भवन आलं. बोन्डी म्हणजे घर करून राहिलेला, स्वतःची जमीन असलेला शेतकरी. घर म्हणजे हूस, त्याचा बोन्डी तो हूसबोन्डी, आणि तोच आजचा हजबंड! नवरा म्हणजे बांधून घेतलेला माणूस अशी कोटी लग्नात सगळे करतात, ती तेवढी चुकीची आहे. ॲनिमल हजबंडरी म्हणजे पशुसंवर्धन खातं, त्यात हजबंड कुठून आला हे कोडं मला शाळेपासून होतं, ते असं सुटलं, हजबंडरी म्हणजे शेतीवाडी सांभाळणं. आपल्याकडे कुणबी शब्दाची व्युत्पत्ती कुटुंबिन् म्हणजे घरकुटुंबवाला अशी देतात, ती शेजारी ठेवून बघा, विचार किती सारखा आहे.

१०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि या स्वतंत्र शेतकऱ्याची पत घसरत गेली. जमीन सरदाराची, हा तिथे राबणारा. मग बॉण्डमन म्हणजे गुलामासारखा कुळ असा अर्थ झाला, त्यातून बॉण्डेज आलं. तोपर्यंत बांधणारा बॉण्ड भाषेत होताच, लोकांना वाटलं गुलाम बांधलेला असतो म्हणून बॉण्डेज असणार, आणि दोन्ही शब्द एकमेकांत मिसळले. बॉण्डेड लेबर, आपल्या मराठीत वेठबिगार, या शब्दात आज कोणता बॉण्ड आहे हे वेगळं काढताच येत नाही. १९७६ च्या कायद्याने ती पद्धत बंद झाली खरी, पण वीटभट्टीवर उचल घेतलेल्या माणसाला ती फिटेपर्यंत निघता येत नाही तेव्हा त्याला कागदही लागत नाही, दोरही लागत नाही. फारसीत मात्र सरळ हिशोब, बंदा म्हणजे सेवक, गुलाम, आणि तो खरोखरच बांधण्यावरूनच आलाय. मेरा बंदा म्हणताना जरा जपून.

आणि बॉण्ड हे इंग्रजी आडनाव या बोन्डीवरूनच आलंय. म्हणजे तो सूटबूटवाला, पिस्तूलवाला, आपलं आडनाव दोनदा सांगणारा माणूस आडनावाने शेतकरी आहे. त्याचं नाव लेखकाने एका पक्षीतज्ज्ञाकडून घेतलं होतं, पण आडनावाचा अर्थ काही बदलत नाही. आत्याला हे सांगितलं तर ती म्हणाली, मग त्याला बोंडअळीचा त्रास असेलच की.

पुतण्याचा परवा पुन्हा फोन आला. हातात नेमणुकीचा आदेश, त्यावर छापलेलं, बंधपत्रित वैद्यकीय अधिकारी. म्हणाला, काका, हे बंधपत्रित काय असतं, मी तर बॉण्डवर आलोय.